गोपिकेचा हातगुण

गोपिकेची गाय व्यायली हे कानावर येताच मी खरवसासाठी पातेलं घेऊन निघाले. लाज कसली? प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि गोठे जास्त होते, आणि कोणाचीही गाय व्यायली की चीक शेजारपाजारी वाटला जायचा. खरवसाच्या बाबतीत मी कधीच मागे राहिले नाही.

गोठ्याच्या दारात तिची सासू अंजनाबाई पाट टाकून पहाऱ्याला बसली होती. गाईचा जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला आचळाला तोंड लावू द्यायचं नाही, नाहीतर जार आत अडकतो आणि गाय हातची जाते, हा त्या घरचा कायदा. आधीची दोन्ही वासरं जन्मल्या दिवशीच गेली होती. कायद्याला कोणी नावं ठेवली नाहीत, नावं ठेवली सुनेला. "हिचा हातगुणच खराब," असं अंजनाबाई नळावर चारचौघींत बोलली होती. यंदाही वासरू गेलं तर गोपिकेने गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. गोपिका कन्हानची, गुरांतच वाढलेली. गोठा सुटला तर त्या घरात तिचं म्हणावं असं काय उरणार होतं?

पौषातली सकाळ. नुकती जन्मलेली तांबूस कालवड पोत्यावर पडली होती. ऊन अंगणात आलं तरी जार पडला नव्हता, आणि कालवडीने मान टाकली होती. गोपिकेने तिच्या तोंडात बोट घातलं.

"तोंड गार लागते, प्रेमिलाबाई. बोटही चोखून नाही राहिली."

मागच्या खेपेला गुरांचे डॉक्टर आले होते. पोट रिकामं राहिलं की नवजात वासराच्या रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, मग ते उठत नाही. चीक लगेच पोटात गेला पाहिजे, असं ते सांगून गेले. "डॉक्टरच्या घरी गाय हाय काय?" एवढंच अंजनाबाई म्हणाली होती. गोपिकेने मात्र शब्दन् शब्द ऐकला होता.

ती उठली. चुलीजवळ विटा तापवल्या, पोत्यात गुंडाळून कालवडीच्या अंगाशी लावल्या. मग माझ्यावरच खेकसली, "उभ्या काहून? चोळा ना!"

मी पातेलं बाजूला ठेवलं आणि गोणपाटाने कालवडीचं अंग चोळू लागले. गोपिका बोटावर गूळ घेऊन तिच्या हिरड्यांना लावत होती. लावत होती, थांबत होती, पुन्हा लावत होती. माझे हात भरून आले, तेवढ्यात ती ओरडली, "चोखून राहिली! बोट चोखून राहिली!"

आणि लोटी घेऊन गाईखाली बसली.

"गोपिके! जार पडाचा हाय अजून. गाय माराची हाय काय वं तुले?" अंजनाबाई पाटावरून उठली.

"वासरू मेलं तं माह्याच हाताले बोलसान ना, आत्याबाई? मंग आज जे व्हाचं ते माह्याच हातानं होऊ द्या."

तेवढ्यात कालवड हंबरली. आवाज बारीकच, पण गाय वळून तिला चाटू लागली. म्हातारी होती तिथेच थबकली.

गोपिकेने बोटाच्या आधाराने हळूहळू चीक पाजला. कालवडीचे कान गरम झाले. ती मागचे पाय ताणून उठली, पडली, परत उठली आणि थेट आईच्या कासेला ढुशी मारू लागली. ती चुरूचुरू पीत असतानाच जार पडला. अख्खा. ज्याच्या भीतीने दोन वासरं उपाशी ठेवली, तो वासरू पिता पिता सुटला! मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या.

अंजनाबाईने वाकून तो जार नीट पाहिला. मग पदराने डोळे पुसले.

थोड्या वेळाने गल्लीतल्या बाया भांडी घेऊन आल्या. सर्वांत पुढे सिंधूताई.

"यंदा खरवस नाही," अंजनाबाई दारातूनच म्हणाली. "वासरीच्या वाटचा हाय तो. अन् सिंधू, तुही म्हैस व्याले झाली ना? व्याली का गोपिकेले बलावजो."

"गोपिकेले?"

"हो, गोपिकेले. तिचा हातगुण चांगला हाय."

हे ती नळावर बोलली होती तेवढ्याच मोठ्याने बोलली. आत गोपिका कालवडीच्या गळ्यात तोंड खुपसून रडत होती. मी माझं रिकामं पातेलं उचललं आणि हसत हसत घरी आले.