पनौती पॅडचा पूर्ण पेपर

मी एक जुना परीक्षेचा पॅड आहे, मित्रांनो, आणि आज मला इतका आनंद झाला आहे की माझी गंजलेली क्लिप आपोआप वाजू लागेल! क्रमाने सांगायचे ठरवले आहे, पण मध्येच घाई झाली तर सांभाळून घ्या.

हार्डबोर्डच्या एका मोठ्या तुकड्यातून मला कापले, कडांना निळी पट्टी चिकटवली आणि डोक्यावर स्टीलची क्लिप ठोकली. इतवारी बाजारातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातून नानाजींनी मला नंदनवन वस्तीतल्या घरी आणले. नानाजी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांचा मुलगा केशव दहावीला होता.

काय थाट होता माझा! परीक्षेचा पॅड म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. कागद माझ्या छातीवर असतो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हातातले मला सगळे कळते. अडला की पेन टोचते, आठवले की धावते. केशवबद्दलही मला एक गोष्ट लगेच कळली. तो प्रत्येक उत्तर दोनदा लिहायचा!

ही नानाजींची शिकवण. कचेरीत प्रत्येक पत्राचा आधी कच्चा मसुदा होई, साहेब तो पाहत, मग स्वच्छ प्रत निघे. "आधी कच्चं, मंग पक्कं. खोडाखोड दिसली नाही पाहिजे," असे ते पोराला बजावत. केशव उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर कच्चे लिही आणि मग पुढे येऊन तेच सुबक अक्षरात उतरवी. बोर्डाच्या मराठीच्या पेपरला घंटा झाली तेव्हा त्याचा अख्खा निबंध मागच्या पानावर कच्चाच होता, आणि पुढचे पान कोरे. तो पास झाला, पण हवे ते कॉलेज गेले. निकालाच्या दिवशी घरी येऊन त्याने मला भिंतीवर आपटले. "पनौती आहे हा पॅड!"

मी? पनौती? मला तोंड असते तर तिथेच सांगितले असते की बाबा रे, तुझा वेळ कुठे गेला ते मला विचार! नाचता येईना, अंगण वाकडे.

मग माझे हाल सुरू झाले. काही वर्षे मी कणकेच्या परातीवर झाकण होतो. नंतर कूलरचा एक पाय आखूड निघाला म्हणून त्याखाली गेलो. उन्हाळाभर अंगावर पाणी ठिबकायचे, त्याने माझा एक कोपरा फुगला. केशवचे लग्न झाले, तो मौद्याला नोकरीला जाऊ लागला, त्याला रितिका झाली. मला मात्र कोणी उचलले नाही.

यंदा रितिका नववीला होती. सहामाहीनंतर शाळेने केशवला बोलावून घेतले. प्रत्येक विषयात तिचे शेवटचे प्रश्न कोरे होते. वार्षिक परीक्षेतही असेच झाले तर तिला पुन्हा नववीतच बसवावे लागेल, असे बाईंनी स्पष्ट सांगितले.

"काहून वं? येत नाही का तुले?" केशवने घरी विचारले.

"सगळं येते, बाबा. वेळच पुरत नाही," म्हणून पोर रडायला लागली. मला फार वाईट वाटले.

त्यांच्याच गल्लीत यमुताई राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दर रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलांकडून घड्याळ लावून पेपर लिहून घेतात. तिथे बाक नाहीत, नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, म्हणून प्रत्येकाने पॅड आणायचा. दिवस थंडीचे होते, कूलर माळ्यावर गेला होता आणि मी मोकळा पडलो होतो. रितिकाने मला ओल्या फडक्याने पुसले.

"तो नको नेऊ बेटा, पनौती आहे," केशव म्हणाला.

"पेपर कोण लिहिते, पॅड का मी?" असे म्हणून ती निघालीसुद्धा. शाब्बास पोरी!

पहिल्या रविवारी साठ मिनिटांचा पेपर होता. यमुताईंनी "चला!" म्हटले आणि रितिकाने शेवटचे पान उघडले. तेच वाक्य मागे एकदा, पुढे एकदा! यमुताई खुर्च्यांमधून फिरत होत्या, त्या थांबल्या.

"हे मागं काय लिहून राहिली वं?"

"कच्चं, मॅडम. मंग पक्कं लिहीन. नानाजीनं असंच शिकवलं."

यमुताई रागावल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले. "चाळीस मिनिटं झाले. पक्के उत्तरं किती?"

"सहातले दोन."

"म्हणजे साठ मिनिटाच्या पेपराले तुले एकशेवीस पाहिजे. ते कोण देईन?"

त्यांनी तिला साधी रीत सांगितली. पेन्सिलीने चार शब्दांत मुद्दे मांडायचे आणि सरळ शाईने लिहायला लागायचे. चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचे. पण खोडणे म्हणजे या घरात पापच की! पुढच्याच ओळीत रितिकाचा शब्द चुकला. पेन माझ्या छातीवर थांबले. मार, मार! मी मनातून ओरडत होतो. आणि तिने मारली रेघ! एवढ्या आयुष्यात माझ्या अंगावर पक्क्या पानात झालेली ती पहिली खोडाखोड, मित्रांनो.

घरी नानाजींनी तो पेपर पाहिला तेव्हा ते बिथरले. "काय अवतार हा! नाक कापशील आमचं."

"नानाजी, तुमच्या कचेरीत तीन तासानं घंटा होत होती का?"

नानाजींनी तो पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

रविवारमागून रविवार गेले. तिचा हात आधी अडखळला, मग सरावला, मग असा धावू लागला की मला गुदगुल्या व्हायच्या. वार्षिकच्या मराठीच्या पेपरला तिने मलाच नेले; शेवटचा निबंध उरला तेव्हा तब्बल पस्तीस मिनिटे हातात होती. तिने चार शब्द टिपले आणि सुटली. मध्ये एक वाक्य फसले, तिने रेघ मारली आणि मान वर न करता पुढे गेली. पूर्णविराम दिला तरी घंटा नाही! उरलेल्या वेळाचे काय करायचे हेच तिला सुचेना. शेवटी तिने पेपर वाचून काढला.

केशव शाळेच्या फाटकाशी उन्हात उभा होता. त्याने सवयीने विचारले, "किती राहिलं?"

"काहीच नाही. पाच मिनिटं उरले, बाबा! मी कच्चं लिहिलंच नाही."

केशव हळूच म्हणाला, "म्हणजे मलेही येत होतं. इतके वर्षं मी सोताले ढ समजून राहिलो." त्याने मला दोन्ही हातांत घेतले. "अन् याले उगाच बदनाम केलं." माझी सगळी वर्षे भरून पावली.

आज निकाल लागला. रितिका दहावीत गेली!

मित्रांनो, पेपर अपुरा राहिला तर स्वतःला ढ म्हणू नका आणि बिचाऱ्या पॅडलाही पनौती म्हणू नका. घरी घड्याळ लावून लिहा आणि वेळ कुठे गळतो ते शोधा. आम्हाला कोरडे ठेवा, म्हणजे आम्हीही तुम्हाला साथ देऊ.

आता मला बोलायला फुरसत नाही. केशव मौद्याहून आला, हातपाय धुतले आणि मला मांडीवर घेऊन म्हणाला, "बेटा, निबंधाचा एक विषय दे मले. लाव घड्याळ." वीस मिनिटांतली सतरा झाली आहेत. "बाबा, तीनच राहिले!" रितिका ओरडते आहे. केशवने मान वर केलेली नाही, तो लिहितो आहे.