पुढचं वाक्य

“कैमरे के सामने से हिलना नहीं, मैडम. पानी भी पूछकर पीना.”

अलकनंदा हलली नाही. साडेबारापासून ती दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून होती. नेमकी आजच सर्दीमुळे तिने रजा टाकलेली. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि फोनमध्ये खाकी वर्दीतला माणूस. तुमच्या मुलीच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज निघालेत, असं तो सांगत होता. फोन ठेवलात तर तिला नोएडाच्या ऑफिसातून उचलू. ती सुखरूप हवी असेल तर चारच्या आत सगळी ठेव चौकशीच्या खात्यात पाठवा.

मंत्रालयात तीस वर्षं फायली हाताळलेली बाई, पण वर्दी बघून तिची बोबडी वळली होती. वळणार नाही तर काय? तिच्या लेकीचा, केतकीचा आधार नंबर त्याने घडाघडा म्हणून दाखवला होता.

“साहब, बेटी से बस एक बार बात करा दीजिए.”

“रोने से कुछ नहीं होगा, मैडम.”

अलकनंदा रडत नव्हती. घशाला कोरड पडली होती, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

तिला खंडेराव आठवले. मराठी मंडळाची गणपतीतली नाटकं ते बसवायचे आणि विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायची ती अलकनंदा. बावीस वर्षं. स्टेजवर पाऊल टाकायची तिची कधी छाती झाली नाही. पाठ केलेली वाक्यं फेकणारा नट दिसला की खंडेराव त्याला फैलावर घ्यायचे. “हे नुसतं नाटक झालं. अभिनय कुठाय? समोरचा काय बोलला ते ऐक की लेका.”

हा माणूस ऐकत नव्हता. त्याच्या वहीत या जागी बाई रडते, असं लिहिलेलं होतं.

भीती गेली नाही, पण आता ती त्याच्याकडे विंगेतून बघू लागली. प्रत्येक वाक्याआधी त्याची नजर डावीकडे जायची. तिकडून कुणीतरी पुटपुटायचं, मग हा बोलायचा.

“अब आपके पास एक ही...” तो म्हणाला आणि अडकला. पुटपुटणं थांबलं होतं. त्याने डावीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. कपाळावर घाम आला.

ही शांतता अलकनंदाला ओळखीची होती. नटापेक्षा तिलाच ती जास्त असह्य व्हायची. तिचे ओठ आपोआप हलले.

“रास्ता है,” ती हळूच म्हणाली.

“रास्ता है,” तो म्हणाला, आणि मग वाक्य कुणी पुरवलं ते त्याच्या लक्षात आलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. चाळिशीचा असेल. साहेबाचा रुबाब त्याला एकदाही जमला नव्हता, पण आत्ताची त्याच्या तोंडावरची भीती खरी होती.

“मैडम, प्लीज,” तो कुजबुजला. तेवढं एक वाक्य त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अलकनंदाने फोन कट केला आणि केतकीला लावला.

“आई, मीटिंगमध्ये आहे यार. घरी आल्यावर बोलू?”

“बरं,” अलकनंदा म्हणाली. पोर सुखरूप होती. सगळं नाटक होतं, हे आता पक्कं कळलं होतं. तिने उठायचं ठरवलं, पण पाय उठेनात. पाण्याचा माठ चार पावलांवर होता. तहानेने जीव कासावीस झाला, तरी ती खुर्चीतच बसून राहिली, पाठ ताठ, फोनच्या बंद पडद्यासमोर.

सातला केतकी आली. तिने दिवा लावला.

“आई? अंधारात का बसलीयेस? क्या हुआ?”

सांगायचं पुष्कळ होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या अलकनंदाला आज स्वतःचं एकच सापडलं.

“केतकी, मला ऊठ म्हण.”

“म्हणजे?”

“म्हण ना.”

केतकीने बॅग खाली ठेवली, जवळ येऊन आईचे गार हात हातात घेतले.

“अच्छा. ऊठ, आई.”

तेव्हा कुठे अलकनंदा टेबलाला धरून उठली आणि पाणी प्यायला गेली.