कळल्यानंतरचे तीन शनिवार

दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर भरणाऱ्या बाईला सगळे खिडकीताई म्हणत. सतरा वर्षं ती त्या खुर्चीवर होती आणि तिच्यापुढे कोणाची लपवाछपवी चालत नसे. एखादा माणूस खिडकीशी येऊन "जरा बरं वाटत नाही" एवढंच पुटपुटला, की ती पेन खाली ठेवायची. "बरं वाटत नाही ते दिसतंयच, नाहीतर काय माझं तोंड बघायला आलात? कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, नीट सांगा. डॉक्टर काही ज्योतिषी नाहीत." रांगेतले लोक हसायचे आणि लाजरा माणूससुद्धा मूळव्याध म्हणून मोकळा व्हायचा. तिच्या या हातखंड्याचं डॉक्टरांनाही कौतुक होतं.

एका मंगळवारी सकाळी तिची मुलगी बिट्टी कामावर निघताना दारात थांबली. बिट्टी चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायच्या कामाला होती. बोलणं मोजून मापून.

"आई, तुझ्या एवढ्या डॉक्टरांच्या ओळखी आहेत. मला एखादी थेरपिस्ट शोधून दे ना. बाईच हवी. मी दोनदा फोन हातात घेतला, पण माझ्याच्याने बोलवत नाही."

"कशासाठी गं?" आईने विचारलं, आणि विचारताक्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुला माहीत आहे," असं म्हणून बिट्टी जिना उतरून गेली.

माहीत होतंच. बिट्टी सात वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हा खिडकीताईचा थोरला भाऊ पाठीशी उभा राहिला होता. दवाखान्यातली नोकरी त्याच्याच शब्दाने मिळाली. दादा गणिताचे मास्तर, चार लोकांत मान असलेले. शनिवारी खिडकीताईला दिवसभर काम असे, म्हणून बिट्टी शिकवणीला मामाकडे जायची. अकरा वर्षांची असताना एका रविवारी ओले कपडे पिळता पिळता ती म्हणाली होती, "आई, मामा दार लावून घेतो आणि मला नको तिथे हात लावतो. मला नाही जायचं."

खिडकीताईच्या पायाखालची जमीन सरकली होती. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते असं : "मामा लाड करतो गं. तुला काहीतरीच वाटलं असेल. कोणाला बोलू नकोस हं." आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग तक्रार करायची कोणाकडे? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिने आपल्या आईकडून ऐकलं होतं, आणि तिच्या आईने आपल्या आईकडून. त्या मुठीत कोणाचा जीव घुसमटतोय, हे बघायची पद्धत त्या घरात नव्हती, आणि अशा घरांना काही तोटा नाही. पुढे शिकवणी बंद झाली. कळल्याबरोबर आपण पोरीला सोडवलं, असं ती तेरा वर्षं स्वतःला सांगत आली होती.

मंगळवारी दुपारी तिने दोन ठिकाणी फोन लावले. दोन्हीकडे एकच प्रश्न आला : त्रास काय आहे? दोन्ही वेळा ती म्हणाली, "झोप लागत नाही मुलीला." एकीकडून गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला, दुसरीकडून रात्री चहा कमी करायचा सल्ला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! रांगेतल्या माणसाने असं सांगितलं असतं, तर तिने त्याचा केसपेपरच भरला नसता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे दादांचा फोन आला. आता ऐका, ही बाई काय करून बसली ते. सतरा वर्षं शाळेच्या प्रवेशापासून गळक्या नळापर्यंत प्रत्येक अडचण तिने दादांनाच विचारली होती. जिभेला वळणच ते. ती बोलून गेली, "दादा, बिट्टीला झोप लागत नाही. तुझ्या ओळखीत कोणी समुपदेशक बाई आहे का रे?"

चोराच्या हाती किल्ल्या देतात, त्या अशाच, शुद्धीवर असताना देतात. दादा क्षणभरही अडखळले नाहीत. "आहे ना. मी बोलून ठेवतो. तू नको काळजी करू."

फोन ठेवून तिने दादांनी सांगितलेलं नाव कागदावर उतरवलं. पण हे नाव कोणाकडून मिळालं, ते तिने बिट्टीला सांगितलं नाही. डॉक्टर तो डॉक्टर, नाव कोणी का दिलं असेना, अशी तिने मनाची समजूत घातली.

बुधवारी बिट्टी त्या समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली आणि दहाच मिनिटांत बाहेर आली. आईकडे न बघता ती रस्त्याला लागली. खिडकीताई धापा टाकत तिच्या मागे.

"त्या म्हणाल्या, तुमचे मामा किती कौतुकाने बोलत होते तुमच्याबद्दल." बिट्टी एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली. "तू त्याला सांगितलंस?"

"फक्त झोपेचं सांगितलं गं. सवयीने तोंडातून निघून गेलं."

"सवयीने. आणि तेव्हा? मी सांगितल्यावरसुद्धा पाठवलंस ते? तीन शनिवार."

"तीन कुठले, मी लगेच बंद—"

"तीनच. पहिल्या शनिवारी मी रडले, तर तू म्हणालीस, मामांना वाईट वाटेल. दुसऱ्या शनिवारी मी सांगितलं मला ताप आहे. तू थर्मामीटर लावलास आणि म्हणालीस, काही नाहीये, ऊठ."

"आणि तिसऱ्या?" आईने विचारलं. तिला ऐकायचं नव्हतं, तरी विचारलं.

"तिसऱ्या शनिवारी मी काही बोललेच नाही. आपली आपण चप्पल घातली आणि गेले."

खिडकीताई त्या पायरीवर मटकन बसली. थर्मामीटर तिला आठवला. पोरगी खोटं बोलतेय म्हणून आपण तिच्यावर चिडलो होतो, तेही आठवलं. आपण तिला सोडवलं नव्हतं, तीन वेळा हाताला धरून परत नेऊन दिलं होतं. माझी चूक झाली, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण चूक हा शब्द शाळेतल्या बेरजेला शोभतो. बिट्टी तिच्यासाठी थांबली नाही.

गुरुवारी सकाळी तिने मुलीच्या दारावर टकटक केली. "मी पुन्हा शोधते. या वेळी खरं ते सांगितलं तर चालेल तुला?"

आतून उत्तर आलं, "खरं सांगणार असशील तरच फोन कर."

दवाखान्यात रांग दाराबाहेर गेली होती. खिडकीताईने खिडकी लावली, पाच मिनिटांत येते म्हणाली आणि औषधांच्या खोलीत जाऊन डॉक्टरांकडून मागून घेतलेला नवा नंबर फिरवला. थेरपिस्ट बाईंचा आवाज शांत होता. त्रास काय आहे, त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलीवर लहानपणी तिच्या मामाने लैंगिक अत्याचार केला. माझ्या सख्ख्या भावाने." शब्द सरळ निघाले.

"तुम्ही हे सांगायला त्यांची हरकत नाही ना?"

"तिला विचारून बोलतेय."

"त्या वेळी घरात कोणाला माहीत होतं?"

"मला. तिने सांगितलं होतं. आणि त्यानंतरही मी तिला तीन वेळा तिथे पाठवलं."

पलीकडून धिक्कार आला असता तर तिला बरं वाटलं असतं. बाई फक्त म्हणाल्या, "उद्या साडेपाचला त्यांना पाठवा. आमच्यात जे बोलणं होईल ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका. आणि तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल, तर दुसरं कोणीतरी सुचवेन."

शुक्रवारी बिट्टी तासाभराने बाहेर आली. डोळे लाल होते. "पुढच्या शुक्रवारी पुन्हा येणार आहे," एवढंच म्हणाली. आईने काही विचारलं नाही. घरी येईपर्यंत बिट्टी सोबत चालत होती, यात खिडकीताईने समाधान मानलं.

आता शनिवारी तिला अर्ध्या दिवसाचं काम असे. पाच वाजता दादांचा फोन आला.

"त्या बाईंकडून उठून आली म्हणे? मी शब्द टाकला होता. लोकांपुढे माझी शोभा झाली."

मागून एका लहान मुलीचा आवाज येत होता. ती तेराचा पाढा म्हणत होती आणि सारखी अडखळत होती.

"कोण आहे तिथे?"

"कोण असणार? शिकवणीची मुलं. सहाजण आहेत."

दादा शिकवण्या घेतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? तेरा वर्षं ठाऊक होतं. तेरा वर्षांत तिला एकदाही त्या मुलांच्या जिवाची भीती वाटली नव्हती.

"दादा, तू माझ्या पोरीला हात लावलास. मला तेव्हाच कळलं होतं. आत्ताच्या आत्ता त्या मुलांना घरी सोड."

"डोकं फिरलंय का तुझं? इतकी वर्षं तुमच्या पाठीशी कोण उभं राहिलं?"

"तूच राहिलास. म्हणून मी गप्प बसले आणि माझ्या पोरीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आता नाही."

फोन तुटला. मागे वळून बघते तर बिट्टी उभी.

"मी मुलांना घरी पाठवायला चाललेय," खिडकीताई म्हणाली. "त्यांच्या आईबापांना सांगावं लागेल. तू नको म्हणालीस तर तुझं नाव घेणार नाही."

बिट्टीने भिंतीला पाठ टेकली. "घे नाव," ती म्हणाली. "पण मला माफ कर म्हणू नकोस. इतक्यात नको."

"नाही म्हणणार."

भावाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार वहिनीने उघडलं. आतून दादांचा चढलेला आवाज आला, "दारात कोण आहे?"

"वहिनी, मुलांना घरी पाठव. आत्ता."

वहिनीने का म्हणून विचारलं नाही. ती खाली बघत बाजूला झाली आणि आत जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "चला रे, आजची शिकवणी संपली."

मुलं चपला शोधू लागली. सगळं ठाऊक असून गप्प बसलेल्या त्या दोन बायका एकमेकींच्या नजरेला नजर न देता उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या. पाढा म्हणणारी मुलगी सगळ्यांत शेवटी बाहेर आली.

"आता पुढच्या शनिवारी यायचं ना?" तिने विचारलं.

"नाही," खिडकीताई म्हणाली. "चल, मी सोडते तुला. मला तुझ्या आईशी बोलायचंय."