रामहरीपेक्षा मोठा

मी बेलर बोलतोय. रानात पडलेला कडबा गोळा करायचा, दाबायचा आणि त्याचा गोल गठ्ठा बांधायचा, हे माझं काम. माझा रंग लाल आहे, हे आधीच सांगून टाकतो. आजवर लोकांनी माझ्याविषयी जे काही पाहिलं, त्यात रंगाचा नंबर पहिला होता.

कारखान्यात माझं अंग जोडत होते, तेव्हा मला वाटायचं, आपण मुक्या जनावरांच्या उपयोगी पडणार. माझ्या पाठीला एक मोठं दार आहे. गठ्ठा तयार झाला की दार उघडतं आणि तो मागे जमिनीवर पडतो. जमीन सपाट असली, तर तिथेच राहतो. बिचाऱ्याचा आकारच गोल, त्याला दोष देऊन काय उपयोग?

सोलापूरच्या शेती प्रदर्शनात मला मांडलं होतं. तिथे उजनीकाठचे सयाजीराव आले. बरोबर त्यांची आई गोजरबाई आणि बायको अंकिता. आमचे विक्रेते सुबोध शुक्रवार पेठेतले, सरळ स्वभावाचे. त्यांनी विचारलं, "दादा, जमीन सपाट आहे की उताराची? गोठ्याचं दार केवढं आहे?"

"ते ऱ्हाऊ द्या," सयाजीराव म्हणाले. "आमच्या शेजारच्या रामहरीनं गेल्या साली घेतला, त्यो कंचा?"

सुबोधांनी कोपऱ्यातलं छोटं यंत्र दाखवलं. ते विटेसारखे चौकोनी गठ्ठे बांधतं. एका माणसाला सहज उचलता येतात.

"मग ह्येच्यापेक्षा मोठा दावा."

अशी माझी निवड झाली. अंकिता म्हणाली, "आवं, लालच घ्या. ट्रॅक्टरबी लाल हाय, फोटूत जोडा दिसंल." गोजरबाईंनी माझ्या बाजूवर थाप मारली, जनावरांच्या बाजारात म्हशीला मारतात तशी. "अंगानं भरलाय की!" त्या खूश झाल्या.

सुबोधांनी शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, रान उताराचं असेल तर गोल गठ्ठा..."

"आरं लेकरा, उतार देवानं दिलाय. त्येला आमी काय करावं?"

सुबोधांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पावती करायला घेतली.

मी येणार म्हटल्यावर सयाजीरावांनी दरवर्षी कडब्याच्या पेंढ्या बांधायला येणाऱ्या बायांना निरोप पाठवला, "औंदा येऊ नका." त्यामुळे कापलेला कडबा रानात तसाच पडला होता. दोन म्हशी आणि एक गाय, तिघींचा उन्हाळा त्या कडब्यावर होता.

पूजेसाठी रस्त्याकडेचा उंचवटा निवडला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको का? फोटोत मागे उजनीचं पाणी हवं, म्हणून अंकिताने माझी पाठ पाण्याकडे करायला लावली. मला हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवलं. सयाजीरावांना फेटा बांधला. रामहरी हाताची घडी घालून बाजूला उभा होता. त्याला मुद्दाम बोलावलं होतं; तो नसता, तर पूजेला अर्थच नव्हता.

मी चाललो, कडबा गिळला, उंचवट्यावर परत आलो आणि दार उघडलं. पहिला गठ्ठा पडला. छातीइतका उंच, गोल, देखणा. टाळ्या वाजल्या. गोजरबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं आणि कौतुकाने हात फिरवला.

तेवढ्यानेच तो हलला.

"आगं बया, चालला की!"

आधी हळूहळू, मग जोरात. लोक बाजूला पळाले. सयाजीराव फेट्यासकट मागे धावले. सुटलेल्या बैलाला ओरडावं तसे ते गठ्ठ्याला "आरं थांब! थांब!" म्हणत होते. हळदीकुंकू लावलेला गठ्ठा उड्या मारत गेला आणि काठच्या उथळ पाण्यात धप्पकन पडला.

रामहरीने घसा साफ केला. "सयाजीराव, म्हशी पान्यात जात्यात ते ठावं हुतं. तुमचा चाराच म्होरं गेला की!"

"पयला गठ्ठा देवाला सोडत्यात," सयाजीराव धापा टाकत म्हणाले. ही प्रथा त्या क्षणी जन्मली.

दुसऱ्या गठ्ठ्याखाली दगड ठेवले. तो राहिला. चारपाच जणांनी तो ढकलत गोठ्यापर्यंत नेला, तर दारातून आत जाईना. म्हशी आतून माना लांब करून बघत राहिल्या. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, शिव्या देऊन पाहिला. शेवटी दाराची चौकट हलली, गठ्ठा हलला नाही.

तोवर दुपार कलली आणि आभाळ भरून आलं. अवकाळीची चिन्हं दिसू लागली. गोजरबाईंचा चेहरा उतरला. "कडबा भिजला तर काळा पडंल. तोंड लावायची न्हाईत त्येला. मग ही जनावरं इकायचीच की रं!" त्यांनी गायीच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"आवं, रामहरीभावजींना हाक मारा," अंकिता म्हणाली.

"त्याला? त्यापरीस भिजू दे."

"भिजू द्या. मग म्हशी काय तुमची मिशी चावून उन्हाळा काढतील?"

सयाजीराव फेटा काढून उठले. मग बांधावर गेले आणि त्यांनी हाक मारली. रामहरी लगेच आला. त्याचा छोटा बेलर ट्रॅक्टरला जोडूनच ठेवला होता. टोमणे मारायची संधी त्याने सोडली नाही, पण कामही सोडलं नाही. दारातला गठ्ठा उसवून अंधार पडायच्या आत सगळा कडबा विटांसारखा बांधून गोठ्यात रचला गेला. शेवटचा गठ्ठा आत गेला आणि थेंब पडायला लागले. गोजरबाई म्हशींच्या पुढ्यात बसल्या आणि डोळे पुसत हसल्या.

मी अंगणाच्या कोपऱ्यात भिजत होतो. रामहरी माझ्याभोवती फिरला, माझ्या अंगावरून हात फिरवला.

"केवढं धूड हाय! रस्त्यानं निघालं की मानूस वळून बघनारच." मग जरा थांबून म्हणाला, "अदलाबदल करता का?"

सयाजीरावांनी माझ्यावर हात ठेवला. "मन हुत न्हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "पर अडचणीला धावून आलात. दुसऱ्या कुनाला दिला नसता."

अंकिताने पदर तोंडाला लावला.

उद्या सकाळी रामहरी मला नेणार आहे. त्याचं रान आमच्याहून उताराचं, आणि खाली थेट त्याची पाण्याची मोटर. पूजा बांधावरच्या उंच जागी आहे, सयाजीरावांना आग्रहाचं आमंत्रण आहे. माझा पहिला गठ्ठा अजून काठाच्या चिखलात रुतलाय. दुपारी त्याच्यावर एक बगळा येऊन बसला होता. आता त्या गठ्ठ्याला सोबत मिळेल.

मला कुणाचा राग नाही. पण तुमच्यापैकी कुणी मला निवडायला आलात, तर शेजाऱ्याचं रान पुष्कळ पाहून झालंय, एकदा स्वतःचं पाहून या. गोठ्याच्या दारात दोन्ही हात पसरून उभे राहा. तेवढी सवड नसली, तर माझी एवढीच विनंती ऐका: माझ्या चाकाखाली लिंबू ठेवता ना, तसा गठ्ठ्याखाली एक दगडही ठेवा.