गटार संपलं तिथं

खैरपेठच्या म्युनिसिपल कमेटीनं बांधलेलं नवं गटार पाहायला लोक जत्रेला यावेत तसे आले होते. तळाला फरशी, बाजूला चुन्याच्या भिंती. वहाब रंगरेज कमेटीचा मेंबर. गटार आपल्या सखल मोहल्ल्यातून जावं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं होतं, आणि असं गटार सगळ्या चांदा जिल्ह्यात नाही, असं तो लुगडी दाखवतादाखवता गिऱ्हाइकांना सांगायचा. ते संपतं कुठं, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

आषाढात पाणी उलटं फिरलं आणि वहाबच्या रंगखान्यात घोटाभर चढलं. पोळ्याच्या बाजारासाठी रंगवलेल्या लुगड्यांचे गठ्ठे त्यानं कसेबसे माळ्यावर फेकले. अजून एकदा असं झालं तर धंदा बुडालाच. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाण्याला अक्कल नसते. ते उलटं येतं तेव्हा कुणीतरी ते फिरवलेलं असतं.

पाऊस उघडताच तो गटाराच्या कडेकडेनं निघाला. कमेटीच्या हद्दीचा दगड आला आणि तिथंच गटार संपलं, एखाद्यानं बोलताबोलता तोंड मिटावं तसं. पुढं मोहटोला गावच्या मुखरूची धानाची बांधी. गटाराचं तोंड चिखलानं आणि बाभळीच्या काट्यांनी गच्च बुजवलेलं होतं. शेजारी मुखरू खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभा होता.

"काऊन बुजवलं, भाऊ? आमाले बुडवता का?"

"अन् तुमी आमाले रगत पाजता, त्याचं काय? लाल पानी येते तुमच्या गटारातून. गावात समदे म्हनून राह्यले, मोहल्ल्यात कापाकापी चालते अन् धुवन इकडं सोडते."

वहाबच्या अंगाची लाही लाही झाली. "रगत नाई, रंग होय तो! माह्या हौदातला. तुमच्या घरवालीच्या, सुकरीबाईच्या अंगावरचं लाल लुगडं माह्याच दुकानचं हाये."

मुखरूनं साचलेलं पाणी ओंजळीत घेतलं. "रंग होय तं पिऊन दाखवा."

वहाबचा हात पुढं झाला नाही. त्या पाण्यात काय काय उकळलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मुखरूनं ओंजळ सोडली आणि बांधीकडं बोट केलं. रोवणीसाठी टाकलेले भाताचे पऱ्हे जागोजागी पिवळे पडून झोपले होते.

"रंग होय तं हे काऊन जरले?"

वहाबला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी रागही आला. तरी तो सरळ कमेटीचे अध्यक्ष गुणवंतराव यांच्याकडं गेला. म्हणाला, नदीपर्यंत नाली न्यायला पाहिजे. गुणवंतराव पान लावत म्हणाले, "हद्द सोडून आपलं एक फावडंबी जाऊ शकत नाई, वहाबभाई. तिकडचे खेडे जनपद सभेचे." जनपद सभेच्या बाबूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाण कोनाची? शहराची ना? मंग?" परतताना वहाबला गुणवंतरावांचं घर दिसलं. ते टेकाडावर होतं. गटार कुठं संपतं हे यांना आधीच ठाऊक असणार, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि ते मन पुन्हा काही केल्या साफ झालं नाही.

तेवढ्यात पुन्हा झड लागली. या खेपेला पाणी हौदांच्या काठावरून चढलं, हौद फुटले आणि सगळा रंग अंगणात पसरला. चुलीपुढून उठलेली त्याची बायको जाहिदा दारातच किंचाळली.

"या अल्ला! खून! किसका खून है ये?"

वहाब गुडघाभर लाल पाण्यात उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. हेच घर, हाच रंग; तो घोटला जाताना हीच बायको जन्मभर पाहत आलेली. तिलाही आधी रक्तच दिसलं. मग मोहटोल्यानं काय वेगळं केलं होतं?

झड ओसरल्यावर तो फावडं घेऊन निघाला. त्याला येताना पाहून मुखरूनं कुऱ्हाड सावरली.

"फोडाले आले?"

"नाई. खोदाले."

त्यानं हद्दीच्या दगडाच्या पलीकडं, मुखरूच्या बांधीला चुकवून, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेनं पहिलं फावडं मारलं. मुखरू डोळे बारीक करून बघत होता.

"माह्या बांधीत नाई ना शिरत नाली?"

"नाई."

"नदी कोसभर हाये. मधात दुसऱ्या गावची शिव हाये. ते लोक बी बुजवतीन."

"ठाऊक हाये."

मग मुखरूनं मनात अडकलेलं शेवटचं विचारलं.

"कमेटीचा हुकूम हाये का?"

"नाई."

हुकमावाचून, आपल्या मनानं आला होता तो; तेव्हा कुठं मुखरूनं कुऱ्हाड धुऱ्यावर ठेवली आणि घराकडं फावडं आणायला गेला.