भक्तांचे ढेकूण

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फुंकरबाबा खुर्चीवर बसून बाटल्यांतल्या पाण्यावर फुंकर मारत होते आणि लोक एकेक बाटली छातीशी धरून नेत होते. दोन वर्षांपूर्वी हे पाणी शिंपडल्यावर अख्ख्या इमारतीतले ढेकूण पटापट मेले होते. हल्ली मात्र मरत नव्हते. पण बाबांकडे उत्तर तयार होतं.

“पाणी तेच, मंत्र तोच, फुंकरही माझीच!” बाबा गरजले. “कमी पडली ती श्रद्धा. या आवारात एका घरानं माझं पाणी शिंपडलेलं नाही. त्या घराचं पाप तुम्हाला भोवतंय!”

सगळ्या माना अंगणापलीकडच्या सुट्या खोलीकडे वळल्या. तिथं बाई राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. ‘हे औषध आहे, मंत्र नाही,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तेव्हापासून कोणी त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं. लोकांचं एक वेळ सोडा, पण समोर राहणारी सख्खी मोठी बहीण, अक्का, त्यांना पाहताच दार लावून घ्यायची. ते बाईंना फार लागायचं. दुपारी त्या सवयीनं दोन कप चहा करायच्या आणि दोन्ही स्वतःच प्यायच्या.

आज मात्र त्या दोन काचेच्या बरण्या घेऊन थेट गर्दीत शिरल्या.

“हे माझ्या गादीतले शेवटचे ढेकूण, मुद्दाम राखलेले. ही बरणी रिकामी आहे. अक्का, तुझ्या पलंगातले आण. बाबांचं पाणी दोन्हींवर शिंपडू.”

“आण, आण!” बाबा हसले. “हिच्या घरचे पापी ढेकूण कसे जिवंत राहतात, बघाच!”

बाबांचा हुकूम म्हणून अक्का बरणी भरून घेऊन आली आणि दोन्हींवर पाणी शिंपडलं. अर्ध्या तासात बाईंचे ढेकूण उताणे पडले. अक्काचे मजेत फिरत होते.

“यात कीटकनाशक आहे, वास घेऊन बघा,” बाई म्हणाल्या. “शंभरातले दोन-चार ढेकूण जन्मतःच ते पचवणारे होते. बाकीचे मेले, हे उरले. त्यांना पिल्लं झाली, आईबापांवर गेलेली. त्यात तुम्ही, पाणी पुरावं म्हणून, चमचाभर पाणी बादलीत मिसळून दर आठवड्याला शिंपडलंत. दर वेळी लेचेपेचे मेले आणि दणकट उरले. सगळी जीवसृष्टी अशीच बदलत आली, फक्त कोट्यवधी वर्षं घेऊन.”

“मग तुमचे कसे मेले?” कोणीतरी विचारलं.

“त्यांना विष माहीतच नाही. आणि दोन वर्षांत माझ्याकडे कोणी बसायला आलं नाही, मग तुमचे ढेकूण तरी कुठून येणार?”

बाबांनी हळूच काढता पाय घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला, “म्हणजे खरी शक्ती बाईंच्या घरात आहे!”

आणि लोक वाकायला लागले. सगळ्यांत पुढे अक्का.

बाईंना रडूच कोसळलं. “ऊठ अक्का! मोठी ना तू? मला नमस्कार नको गं. माझंही खरं मानू नका. बरण्या घ्या, स्वतः करून बघा, चुकलं तर मला सांगा. पण या, बसा, विचारा काहीतरी!”

अक्का गुडघे धरत उठली, बरणीतल्या ढेकणांकडे बघत राहिली.

“मग आता हे मारायचे कसे गं?”

“उकळत्या पाण्यानं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “चल, तुझा पलंग बाहेर काढू. एक बाजू तू धर.”