आठ दिवस रिकामी खोली

शालनने किल्ली दिली आणि कागद न वाचताच सही ठोकली. उलट घरमालक अपूर्वच बावचळला. "काकू, वाचा तरी," तो म्हणाला. तिने चष्माही लावला नाही.

हीच ती शालन, जिने तीन वर्षं या पोराला दारातूनच वाटेला लावलं होतं. नौपाड्यातल्या त्या जुन्या पागडीच्या इमारतीचा तो नवा मालक, शिकलेला आणि नको इतका उत्साही. गच्चीवर ऊन अडवणारा थर घालायचा, त्यावर पांढऱ्या लाद्या, आतून छताचं प्लास्टर. खोली थंड राहील, विजेचं बिल उतरेल, भाडं वाढणार नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. फक्त वरच्या मजल्याने आठ दिवस खोली रिकामी करून द्यायची.

पागडीत राहणाऱ्याला 'रिकामी' म्हटलं की घाम फुटतो. सामानासकट बाहेर पडलेलं बिऱ्हाड परत आत आलेलं शालनने कधी पाहिलं नव्हतं. तिचा नवरा भिवा मात्र तयार होता. कोलशेतच्या कारखान्यात भट्टीपाशी जन्म काढलेला माणूस. रिटायर होऊनही भट्टीतच राहतोय म्हणायचा, आणि उन्हाळ्यात रोज दुपारी स्लॅब निववायला गच्चीवर बादल्या ओतायचा.

"आठ दिवस तर जायचंय गं. पोरगा बरा आहे," तो म्हणायचा.

माझ्या जिवात जीव आहे तोवर खोली सोडायची नाही, असं शालनने त्याला बजावलं होतं. तो बादली भरायला घ्यायचा.

गेल्या मे महिन्यात चौथी बादली घेऊन चढताना तो जिन्यातच बसला. पुन्हा उठला नाही. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं.

आता आठ दिवस ती डोंबिवलीला बहिणीकडे राहिली. खोली परत मिळेल की नाही, हा विचार तिला एकदाही शिवला नाही. नवव्या दिवशी सकाळी अपूर्वने किल्ली हातात ठेवली. दाराला तिचंच कुलूप होतं, पाटीवर भिवाचंच नाव.

दुपारचे दोन वाजले, बाहेर ऊन रणरणत होतं. शालन पंखा न लावता चटईवर बसून राहिली. इथे आल्यावर तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. घामही आला नाही.

अपूर्व दारात येऊन उभा राहिला. फरक पडला का, त्याने विचारलं.

"पडला," शालन म्हणाली. तिने वर छताकडे पाहिलं. "आठच दिवस लागले रे."